खंडेनवमीची मोजणी

देहूरोडच्या गल्लीत दीक्षा ओव्हाळची ओळख 'कोंडीरामची थोरली, ती जमिनीचं वजन करते' अशी होती. नवीन कुणी ऐकलं की आधी तिच्याकडं बघायचं आणि मग पायाखालच्या फरशीकडं. दीक्षा कुणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. कारण ते फारसं चूक नव्हतं.

पृथ्वी सगळीकडं सारख्या जोरानं ओढत नाही. खाली जड खडक असेल तिथं ओढ कणभर जास्त, हलका असेल तिथं कणभर कमी. माणसाला हा फरक जन्मात कळायचा नाही. ग्रॅव्हिमीटरला कळतो. डबाभर आकाराचं यंत्र, आत स्प्रिंगला टांगलेलं इवलंसं वजन. ते तिपाईवर ठेवायचं, पातळी साधायची आणि आकडा येईपर्यंत झाडासारखं उभं राहायचं. अशी शेकडो ठिकाणं मोजून झाली की कागदावर जमिनीच्या पोटातला चढउतार उमटतो. तेल आणि वायू सापडतात ते गाळाच्या खडकात, आणि गाळाचा खडक हलका. म्हणून तेल शोधणारी माणसं आधी ओढ कुठं कमी पडते ते बघतात.

आपल्याकडची अडचण वेगळी. महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर काळ्या कातळाचं जाड झाकण बसलेलं आहे. दुसरीकडं जमिनीत धक्के सोडून, त्यांच्या परत येणाऱ्या लाटा ऐकून खालचे थर बघता येतात. इथं त्या लाटा कातळातच विस्कटतात. गुरुत्वाकर्षणाला मात्र झाकण अडवत नाही. हे वाक्य दीक्षानं कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही शिकावंसं वाटलं नाही.

एम.एस्सी. करून ती चिंचवडला शेखर सरांच्या छोट्या कंपनीत लागली. सर मोठ्या तेल कंपन्यांसाठी अशी मोजणी करून द्यायचे. माणूस हुशार, बोलायला गोड, फक्त कामाची घाई फार. तिथंच तिला निरंजन भेटला. गेवराईकडचा, यंत्र हाताळण्यात तरबेज, आणि यंत्राशी बायकोपेक्षा जास्त बोलणारा.

एका वर्षी सरांना मोठं काम मिळालं. घाटापासून पूर्वेकडं लांबवर, कातळाखाली गाळाचा पट्टा आहे का ते शोधायचं. दोन हंगाम मोजणी चालली. मावळच्या बाजूला ओढ कमी भरली. चाकणच्या पुढं पूर्वेला ती पुन्हा कमी भरली. मधे होती पिंपरी, भोसरी, मोशी, कुरुळी आणि चाकण. आणि तिथं नकाशा कोरा होता.

कोरा राहायचं कारण सरळ होतं. या पट्ट्यात जमीन कधी गप्प बसत नाही. फोर्जिंगचे हॅमर, पत्रा दाबणारे प्रेस, रात्रंदिवस कंटेनर. यंत्र ठेवलं की आकडा नुसता नाचायचा. गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, निरंजननं प्रयत्न करून पाहिला. भोसरीत थोडं जमलं, पण चाकणच्या मोठ्या कंपन्यांना गुरुवार ठाऊक नव्हता. संध्याकाळी तो यंत्र घेऊन परत आला तो चिडूनच.

"राव, हे मोजणं नाही," तो म्हणाला. "चालत्या एसटीत दाढी करणं आहे."

शेखर सरांनी यावर तोडगा काढला. दोन्ही बाजूंचे आकडे आहेत, मधली रेघ कॉम्प्युटरनं जोडून द्यावी, सगळे असंच करतात. त्यांनी ती जोडून दाखवलीसुद्धा. रेघ मधे उंचावत होती. म्हणजे पूर्वेचा खड्डा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, आणि मधे जड खडकाचा बांध. तेल कंपनीचा भूवैज्ञानिकही तसंच धरून चालला होता. असे दोन सुटे, लहान खड्डे असतील तर तिथं विहीर खणायला कुणी तयार होत नाही.

दीक्षानं त्या नकाशावर सही करायला नकार दिला. जिथं मोजलं नाही तिथं बांध आहे असं ती लिहून देणार नाही, म्हणाली. सर दुखावले. त्यांचंही चुकत नव्हतं. मुदत तोंडावर आली होती. शेवटी त्यांनी तिला दिवाळीपर्यंत सवड दिली आणि तोवर ती कोरी जागा भरता आली तर भर म्हणून सांगितलं.

आता सगळा कारखानी पट्टा एकदम गप्प कसा करायचा? या प्रश्नावर ती बरेच दिवस अडून बसली होती. उत्तर तिच्या डोक्यात आलं ते निगडीच्या भाजी मंडईत. आई, प्रभावती, झेंडूचे ढीग बघून म्हणाली, यंदा कंपन्यांमुळं फुलं आत्तापासूनच महागलीत. दीक्षा हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

तिचे वडील कोंडीराम पिंपरीच्या एका फोर्जिंगमधे हॅमरवर होते. उभं आयुष्य त्या दणक्यात गेलं आणि दोन्ही कान गेले. त्यांच्या चाळीत शेल्फावरचे पेले कायम किणकिणायचे. वर्षातून एकच दिवस घरच्यांना कंपनीत सोडायचे, खंडेनवमीला. सगळी मशीनं पुसून, माळा घालून, बंद ठेवलेली. सहा-सात वर्षांच्या दीक्षानं तेव्हा त्या अजस्र हॅमरच्या बैठकीवर तळहात टेकवला होता, आणि जमीन हलत नाहीये हे तिला पहिल्यांदा कळलं होतं. ओव्हाळांचं घर बौद्ध. कोंडीराम पूजाबिजा करत नसत. पण हॅमर पुसायला सगळ्यांच्या आधी तेच जायचे. जे यंत्र वर्षभर आपले हात शाबूत ठेवतं, त्याला एक दिवस पुसायला कुठल्या धर्माची आडकाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

खंडेनवमीला अख्खा पट्टा थांबतो. कुठं सकाळी, कुठं दुपारी, पण थांबतो.

तिनं लगेच कामाला हात घातला. मोजणीत जागेची उंची तंतोतंत लागते, कारण वीतभर वर गेलं तरी ओढ कमी होते. ते काम आधी उरकून ठेवता येत होतं. मग पुढचे आठवडे ती आणि निरंजन गावोगाव फिरून जागा नक्की करत राहिले. शक्यतो उघडा कातळ, रस्त्यापासून लांब.

सगळ्यात महत्त्वाची जागा कुरुळीत होती, कोऱ्या भागाच्या बरोबर मधे. रुक्मिणीबाईंच्या घरामागं काळ्या कातळाचा सपाट तुकडा होता, त्यावर त्या कुरडया वाळत घालायच्या. तिपाई बघताच म्हातारी काठी घेऊन बाहेर आली.

"पुन्हा मोजनी? आदीबी असंच म्हनत आले व्हते, निस्तं बगतो. बगता बगता निम्मं शेत कंपनीत गेलं."

दीक्षा कातळावरून खाली उतरली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिनं सांगितलं की ती जमिनीची लांबीरुंदी मोजत नाही, खोल खाली कसला दगड आहे ते बघते. खणायचं नाही, खुंटी ठोकायची नाही.

"मंग खाली तेल हाय म्हन की माझ्या."

"तसं मी म्हणणार नाही, आजी. तुमच्या दाराखाली बहुतेक काहीच नसेल. लांब पूर्वेला असू शकतं. पण तिकडचा पट्टा इथवर येतो का, ते तुमच्या कातळावरच कळेल."

रुक्मिणीबाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "खोटं बोलायचं असतं तर व्हय म्हनली असतीस. ये नवमीला. कुरडया उचलून ठेवते."

खंडेनवमीला सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून पहिली नोंद घेतली. हे त्यांचं मूळ ठिकाण. यंत्रातली स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते, म्हणून संध्याकाळी परत इथंच येऊन मोजायचं. दोन्ही आकड्यांतला फरक नेहमीइतकाच निघाला तर दिवस कामी आला, नाहीतर पाण्यात. निरंजननं पिंपरी-भोसरीची बाजू घेतली, दीक्षानं चाकणची. जीपमधे तिच्याबरोबर कोंडीरामही होते. मला सोबत ने, असं ते कधी म्हणत नसत. त्या दिवशी मात्र पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

चाकणमधे पहिल्या जागी यंत्र टेकवलं आणि दीक्षानं पडद्याकडं पाहिलं. एरवी तिथला आकडा माशीसारखा भिरभिरायचा. आज तो आला, जरा थरथरला आणि बसला. तिनं तिथंच पुन्हा मोजलं. तोच आकडा. रस्त्यापलीकडं कंपनीच्या गेटला माळा होत्या, बायका नटूनथटून आत चालल्या होत्या, कुणीतरी कोहळा घेऊन पळत होतं. मशीनचा म्हणून एक आवाज नव्हता. इतकी वर्षं या भागात काढून तिला इथं चिमण्या आहेत हे माहीत नव्हतं.

मग दुपारपर्यंत ती जागेमागून जागा घेत गेली. निरंजनचे फोन येत होते. भोसरी झाली, सगळं चिडीचूप, लोक पेढे देतायत आणि एका ठिकाणी तर यंत्रालाच हळदकुंकू लावू का म्हणून विचारलं. मोशीकडं निघालो, म्हणाला.

आणि कुरुळीत घोडं अडलं.

रुक्मिणीबाईंचा कातळ धुऊन लखलखीत केलेला होता. दीक्षानं यंत्र ठेवलं, पण आकडा बसेना. पलीकडच्या शेतात पत्र्याचे सुटे भाग करणारी एक कंपनी उभी होती आणि तिचे प्रेस चालू होते. धाड, धाड, धाड. ती तडक गेटवर गेली. शिफ्टचा सुपरवायझर भला माणूस होता, पण वैतागलेला होता. माल परदेशी जायचा होता, म्हणून पूजा सुरू होईपर्यंत प्रेस थांबवायचे नाहीत असा वरून हुकूम. पूजेची तयारी झालेली, घरची मंडळी मांडवात बसलेली. फक्त गुरुजींचा पत्ता नव्हता. एका दिवसात पाच कंपन्या घेतल्या होत्या त्यांनी, आणि शेवटचा फोन केला तेव्हा मोशीच्या चौकात स्कूटरवर अडकलेले होते.

दीक्षानं निरंजनला फोन लावला. "तू मोशीतच आहेस ना? तुझं मोजून झालं असेल तर एक गुरुजी शोध. स्कूटरवर आहेत, कोंडीत अडकलेत. यंत्र गाडीत ड्रायव्हरजवळ सोड आणि त्यांना कसंही करून कुरुळीला आण."

निरंजन लगेच निघाला. त्यानं एका ओळखीच्या दुकानदाराची मोटरसायकल घेतली, कंटेनरच्या रांगेत सोवळं नेसून घामाघूम झालेला माणूस हुडकला, त्यांची स्कूटर रसवंतीवाल्याकडं लावली आणि त्यांना मागं बसवून गावांच्या आतल्या रस्त्यानं, चिखलातून, बांधावरून कुरुळी गाठली. पुढं कित्येक दिवस तो सांगायचा की गुरुजी सबंध रस्ताभर स्तोत्र म्हणत होते, आणि ते देवीसाठी नव्हतं.

इकडं रुक्मिणीबाईंच्या परसात निम्मी गल्ली गोळा झाली होती. लोक पुढं सरकले की यंत्राला त्यांची पावलंसुद्धा कळत. म्हातारीनं काठी आडवी धरली. "कुनी हलू नगा. पोरीचं मोजून हू द्या." माणसं जागच्या जागी थिजली.

दीक्षा यंत्राशी बसून होती. कोंडीराम थोडं लांब, चपला काढून, अनवाणी कातळावर उभे होते. त्यांना मंत्र ऐकू येणं शक्यच नव्हतं, प्रेसचा आवाजही नाही. पण एकदम त्यांनी मान वर केली आणि लेकीकडं बघून तळहात खाली केला.

"थांबलं," ते म्हणाले.

दीक्षानं बटण दाबलं. आकडा आला. डळमळला, मग एकेक पायरी उतरल्यासारखा शांत होत बसला. तिनं दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. तिन्ही जुळले. कंपनीत आरती सुरू झाली तेव्हा ती तिपाई मिटत होती. रुक्मिणीबाईंनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि सापडला का गं पट्टा, म्हणून विचारलं. दीक्षा म्हणाली, आकडे सापडलेत. पट्ट्याचं दोन दिवसांनी सांगते.

दिवस मावळायच्या आत दोन्ही गाड्या दुर्गा टेकडीवर परत आल्या. सकाळच्या जागीच यंत्रं ठेवली. स्प्रिंग सैलावली होती, पण नेमकी रोजच्याइतकीच. दिवस कामी आला होता. निरंजन कातळावर उताणा पडला आणि आकाशाकडं बघून हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी दसरा, ओव्हाळांच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून दीक्षा आईवडिलांबरोबर विहारात गेली, वंदना घेतली, ओळखीच्यांना जयभीम केला. मन सगळं घरच्या लॅपटॉपमधे. दुपारी जेवणाची ताटं उचलली गेली तशी ती टेबलाशी बसली. उंचीचा हिशेब, डोंगरांचा हिशेब, चंद्रसूर्याच्या ओढीचा हिशेब, सगळं एकेक करत वजा गेलं आणि उरली ती निव्वळ खालच्या खडकाची रेघ.

ती मावळातून खाली उतरत आली. कॉम्प्युटरनं जिथं तिला उचललं होतं, तिथं ती उचललीच नाही. पिंपरीखालून, भोसरीखालून उतरत कुरुळीपाशी सगळ्यात खोल गेली आणि तशीच पूर्वेच्या खड्ड्याला जाऊन मिळाली. मधे बांध नव्हताच. जुन्या मोजणीत कडेच्या काही जागांचे आकडे हादऱ्यांनी बिघडले होते, आणि त्यांनीच रेघ फसवी वर ओढली होती. दोन लहान खड्डे नव्हते. एकच लांबलचक खोरं होतं, आणि त्याच्यावर तीन पिढ्या शिफ्टमधे कामाला जात होत्या.

तिनं वडिलांना पडद्यावरची रेघ बोटानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून आत चहा टाकायला गेले. घरात चहा एरवी प्रभावतीच करायची.

शेखर सरांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. आपला नकाशा गेला असता तर हे काम कायमचं बंद झालं असतं, असं ते स्वतःच बोलले, आणि तेल कंपनीपुढं मांडणी दीक्षानंच करावी असं ठरवून टाकलं.

तिथला मुख्य भूवैज्ञानिक कडक माणूस होता. ओढ कमी म्हणजे गाळच कशावरून, खाली खोलात हलका ग्रॅनाइट असू शकेल, असा त्यानं थेट सवाल केला. प्रश्न रास्त होता आणि दीक्षा त्याच्यासाठी तयार होती. तिनं रेघेची पश्चिमेची कड दाखवली. खोलवरच्या ग्रॅनाइटची कड पसरट, लोळत आल्यासारखी आली असती. ही एकदम तुटते, म्हणजे हलका खडक झाकणाच्या लगेच खाली आहे. मग तिनं हेही सांगितलं की या आकड्यांतून तेल दिसत नाही, वायू दिसत नाही. कुठं शोधावं एवढंच कळतं, आणि पूर्वेला, जिथं झाकण पातळ आहे, तिथं शोधावं. त्या माणसानं सगळे मूळ आकडे मागवून घेतले, दुपारभर स्वतः हिशेब करून पाहिला, आणि काम पुढं न्यायची शिफारस केली.

पुढची पावलं सावकाश पडली. पूर्वेच्या बाजूला अधिक दाट मोजणी झाली, इतर पद्धतींनी ताळा झाला. तिसऱ्या वर्षी पूर्वेकडच्या एका माळावर विहिरीचं यंत्र उभं राहिलं. कातळ कुठं संपेल याचा दीक्षानं अंदाज दिला होता, थोडं वरखाली धरून.

ती आणि निरंजन त्या आठवड्यात तिथंच होते. कित्येक दिवस विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर नुसता काळा चुरा वर येत होता. अंदाजातली कमीत कमी खोली ओलांडली. काळाच चुरा. निरंजन यंत्राशी बोलायचासुद्धा थांबला. मग एका सकाळी ड्रिलरनं हाक मारली. पातं अचानक भराभर खाली उतरायला लागलं होतं, मऊ जमिनीत कुदळ उतरावी तसं. चाळणीवर आलेला चुरा धुतला तर त्यात काळ्याबरोबर पिवळसर कण होते. पुढच्या तासाभरात काळं संपलं. दीक्षानं ओंजळीत वाळू घेतली. लाव्हा येण्याच्या आधीची, कुठल्यातरी नदीनं आणून टाकलेली खरीखुरी वाळू. कातळ तिच्या अंदाजाच्या आतच संपला होता. तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, आणि दोन्ही तिनं होऊ दिलं.

विहीर आणखी खाली गेल्यावर वायूचा काटाही चढला. चाचणी घेतली तेव्हा नळीच्या तोंडाशी ज्योत पेटली. फार मोठी नाही, आणि भर दुपारच्या उन्हात ती नीट दिसतही नव्हती. तिच्यावरची हवा तेवढी लहरत होती. किती निघेल, किती वर्षं टिकेल, हे अजून बरंच मोजून ठरायचं होतं. पण झाकणाखाली खोरं आहे आणि त्यात वायू आहे, यावर आता कुणाचा वाद उरला नव्हता. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. निरंजननं हेल्मेट हवेत उडवलं आणि सेफ्टी ऑफिसरची बोलणी खाल्ली.

दीक्षानं घरी व्हिडिओ कॉल लावून फोन ज्योतीकडं धरला. तिकडं कोंडीरामांनी घरचा फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, शेजाऱ्यांना हाका मारायला लागले. प्रभावती मागून सांगत होती की अहो, तिला बोलू द्या. फोनमधे गल्लीतल्या माणसांची एकेक तोंडं दिसायला लागली.

संध्याकाळी ड्रिलर चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आला. पुढची विहीर कुठं घ्यायची, त्यानं विचारलं. दीक्षानं दक्षिणेकडच्या माळाकडं बोट दाखवलं आणि आधी तिथं मोजावं लागेल, म्हणाली. निरंजन यंत्राची बॅटरी चार्जिंगला लावायला उठला.